तासाला सात टक्के: गेमर मंडळींच्या जागरणाचा पैसा मुलांच्या रुग्णालयापर्यंत कसा पोहोचतो

‘डेझर्ट बस’ हा बहुधा जगातला सर्वांत कंटाळवाणा व्हिडिओ गेम असावा, आणि तो मुद्दामच तसा बनवलेला आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरातून नेवाडातल्या लास व्हेगासपर्यंत एक रिकामी बस चालवत न्यायची, एवढाच त्यातला खेळ. बसचा कमाल वेग ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर, आणि प्रवासाला लागणारा वेळ घड्याळाचे पूर्ण आठ तास. म्हणजे साधारण मुंबई-पणजी एवढे अंतर, पण घाट नाही, समुद्र नाही, वाटेत चहाची टपरी नाही. रस्ता सरळ, समोरून वाहन येत नाही, मागे प्रवासी नाहीत. ॲक्सिलरेटरचे बटण कशाने तरी दाबून ठेवून झोपी जावे म्हटले तर तेही जमत नाही, कारण बस सतत किंचित उजवीकडे ओढली जाते आणि स्टिअरिंग पुन्हा पुन्हा डावीकडे सारावे लागते. ते विसरले की बस वाळूत उतरते, इंजिन बंद पडते आणि टो-ट्रक तिला पुन्हा टूसॉनला ओढत नेतो. हे ओढत नेणेही खऱ्या वेळातच घडते. पाचेक तासांनी समोरच्या काचेवर एक किडा आपटतो, हीच वाटेतली मोठी घटना. आठ तासांनी व्हेगास आले की एक गुण मिळतो. परतीचा प्रवास केला तर आणखी एक.

अशा या खेळाच्या जोरावर गेली अनेक वर्षे आजारी मुलांसाठी पैसा उभा राहतो आहे, आणि २०२० मध्ये एकाच वर्षात तो दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. हे कसे घडते, खेळण्यातून पैसा नेमका कुठून येतो आणि तो रुग्णालयातल्या खाटेपर्यंत कोणत्या वाटेने जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. ‘गेम खेळून दानधर्म’ हे शब्द ऐकले की आपल्याकडे अनेकांच्या भुवया वर जातात. माझ्याही गेल्या होत्या.

‘डेझर्ट बस’ हा पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगार-विनोदकार जोडीच्या नावाने १९९५ च्या सुमारास तयार झालेल्या एका गेमसंग्रहाचा भाग होता. त्याआधी दोनेक वर्षे अमेरिकेत व्हिडिओ गेममधल्या हिंसाचारावरून मोठा गदारोळ उठला होता. डिसेंबर १९९३ मध्ये सिनेटमध्ये त्यावर सुनावण्या झाल्या आणि गेम खेळून मुले बिघडतात हा समज घराघरांत पक्का झाला. त्यावर या जोडीने काढलेला हा चिमटा होता: कुणाला ओरखडाही येणार नाही आणि जो रोजच्या जगण्याइतकाच रटाळ असेल, असा गेम हवा असेल तर हा घ्या. प्रकाशक कंपनीच बुडाल्यामुळे तो संग्रह दुकानात कधी आला नाही. परीक्षणासाठी पाठवलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक दहाएक वर्षांनी जुन्या गेमच्या शोधकांच्या हाती लागली आणि तिच्या नकला इंटरनेटवर फिरू लागल्या.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हिक्टोरिया शहरात विनोदी चित्रफिती बनवणारी ‘लोडिंगरेडीरन’ नावाची एक मंडळी आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांनी असे ठरवले की, लोक देणगी देत राहतील तोवर आपण ही बस चालवत राहायचे, ते सगळे इंटरनेटवर थेट दाखवायचे, आणि जमेल ती रक्कम ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेमार्फत मुलांच्या रुग्णालयांना द्यायची. अपेक्षा पाच हजार डॉलरची होती. जमले बावीस हजारांहून अधिक. ‘डेझर्ट बस फॉर होप’ या नावाने तो उपक्रम तेव्हापासून दर वर्षी होतो.

चक्रवाढीचा हिशेब

या उपक्रमाचा प्राण त्याच्या दरपत्रकात आहे. पहिला तास एका डॉलरला, आणि त्यापुढचा प्रत्येक तास आधीच्या तासापेक्षा सात टक्क्यांनी महाग. शाळेत चक्रवाढ व्याजाची गणिते ज्यांनी कंटाळत सोडवली असतील, त्यांनी आता कागद-पेन्सिल घ्यावी. दुसरा तास एक डॉलर सात सेंटचा, दहावा तास साधारण एक डॉलर चौऱ्याऐंशी सेंटचा. पहिले चोवीस तास मिळून होतात फक्त ५८ डॉलर. दोन दिवसांचे ३५३. शंभर तासांचे सुमारे १२,४००, दीडशे तासांचे सुमारे ३ लाख ६५ हजार, आणि १६५ तासांचे दहा लाखांहून थोडे अधिक. म्हणजे शेवटच्या पंधरा तासांची किंमत आधीच्या दीडशे तासांच्या दीडपटीपेक्षाही जास्त.

या एका नियमात दोन गोष्टी साधल्या आहेत. सुरुवातीला तास इतके स्वस्त असतात की एखादा विद्यार्थी खिशातले पाच-दहा डॉलर टाकून या मंडळींना काही तास बसच्या सीटला खिळवून ठेवू शकतो, आणि आपल्या देणगीने खरोखर काही घडले हे त्याला डोळ्यांदेखत दिसते. दुसरीकडे, देणाऱ्यांचे औदार्य कितीही वाढले तरी माणसाच्या शरीराला झेपेल अशी मर्यादा आपोआप राहते. एकूण रक्कम दुप्पट झाली तरी खेळ वाढतो तो जेमतेम सव्वादहा तासांनी. तासाला सरसकट शंभर डॉलर असा सरळ दर ठेवला असता, तर दहा लाख डॉलरसाठी दहा हजार तास, म्हणजे साडेतेरा महिन्यांहून अधिक काळ अखंड बस चालवावी लागली असती. १६५ वा तास एकट्याचाच सुमारे ६६ हजार डॉलरचा असतो. तो कुणा एकाने घेण्याचा प्रश्नच नाही, तो हजारो लोक मिळून घेतात.

१६५ तास म्हणजे सात दिवसांना तीन तास कमी. गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातले काहीच अनोळखी वाटणार नाही. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारे ठरलेले असतात आणि पहारा संपला की वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. इथे वीणेच्या जागी कंट्रोलर, म्हणजे हातात धरून गेम चालवायचा बटणांचा संच, आहे. सुरुवातीला चारच जण आळीपाळीने बस हाकत, पुढे रीतसर पहारे लागले आणि त्यांना नावेही मिळाली: मध्यरात्रीनंतरची ‘झीटा शिफ्ट’, पहाटेपासूनची ‘डॉन गार्ड’, दुपारची ‘अल्फा फ्लाइट’ आणि संध्याकाळची ‘नाइट वॉच’. एक जण बस हाकतो आणि बाकीचे त्याच्याभोवती प्रेक्षकांच्या फर्माइशी पुऱ्या करतात. कुणी देणगीसोबत एखादे गाणे मागतो, कुणी नाच. चाहत्यांनी हाताने बनवून पाठवलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. पडद्याच्या एका कोपऱ्यात वाळवंटातला करडा रस्ता सरकत राहतो, दुसरीकडे जमलेल्या रकमेचा आकडा. लोक अर्थातच आकड्याकडे आणि माणसांकडे पाहतात. रस्त्याकडे पाहण्याची सक्ती फक्त चालकावर असते.

खेळ की मागणे?

इथे गैरसमज होण्याची शक्यता आहे, म्हणून स्पष्ट सांगितलेले बरे. या सगळ्यात खेळातून एक पैसाही निर्माण होत नाही. बक्षिसाच्या रकमा दान केल्या जातात असेही नाही आणि गेम बनवणारी कंपनी खेळलेल्या तासांमागे काही देते असेही नाही. पैसा येतो तो मागितल्यामुळे. खेळ हे मागण्याचे निमित्त आहे.

मग थेटच का मागू नये, हा प्रश्न रास्त आहे आणि तो या गेमर मंडळींना नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या नवसाच्या आणि वर्गणीच्या अनुभवात सापडते. रिकाम्या हाताने मागणाऱ्यापेक्षा, स्वतः काहीतरी सोसण्याचा संकल्प सोडून मागणाऱ्याला माणूस लवकर देतो. ते सोसणे उपयुक्त असलेच पाहिजे असे नाही. आपल्याकडचे जवळचे उदाहरण मुंबई मॅरेथॉनचे आहे. २००४ पासून होणाऱ्या या शर्यतीत अनेक धावपटू एखाद्या स्वयंसेवी संस्थेसाठी धावतात आणि ओळखीपाळखीच्यांकडून त्या संस्थेसाठी देणग्या मिळवतात. बेचाळीस किलोमीटर धावल्याने कुणाचा आजार बरा होत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असते. पण भाचा चार महिने पहाटे उठून सराव करतो आहे, असे कळले की मामाचा हात खिशात जातो. अमेरिकेत याच जातीचे प्रकार फार जुने आहेत: टीव्हीवर रात्रभर चालणारे निधीसंकलनाचे कार्यक्रम, विद्यापीठांतील नाचाच्या मॅरेथॉन. पेन्सिल्व्हेनियातील पेन स्टेट विद्यापीठाची नाचाची मॅरेथॉन १९७३ पासून सुरू आहे आणि कर्करोगग्रस्त मुलांसाठी ती आजही मोठा निधी उभा करते. गेमचे जागरण या माळेतला पुढचा मणी.

त्यात नवे एवढेच की, पूर्वी प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला टीव्ही केंद्र लागे, आता झोपायच्या खोलीतला संगणक पुरतो. आणि प्रेक्षक नुसता पाहत नाही, तो लिहितो, बोलतो, अटी घालतो. ‘शंभर डॉलर देतो, पुढचा टप्पा डोळ्यांवर पट्टी बांधून खेळ’ असे कुणीतरी म्हणते. देणगी जमा होताच पडद्यावर त्याचे नाव झळकते, घंटी वाजते आणि खेळणारा मुकाट्याने रुमाल शोधायला उठतो.

आरोपाला दिलेले उत्तर

रुग्णालयांसाठीच ही चळवळ का उभी राहिली, याचा माग काढत गेले की पुन्हा पुन्हा तो जुना आरोप समोर येतो. ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था २००३ मध्ये माइक क्राहुलिक आणि जेरी होल्किन्स यांनी स्थापन केली. गेमच्या जगावर ‘पेनी आर्केड’ ही विनोदी चित्रमालिका काढणारी ही जोडी. गेम मुलांना हिंसक बनवतात आणि गेमर म्हणजे समाजाला ओझे, असा सूर वृत्तपत्रांतून लागत होता. त्याला लेख लिहून उत्तर देण्याऐवजी त्यांनी आपल्या वाचकांना सांगितले की, सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाला खेळणी पाठवा. रुग्णालयाने काय हवे त्याची यादी ऑनलाइन दुकानावर ठेवली आणि वाचकांनी त्या यादीतल्या वस्तू विकत घेऊन थेट पत्त्यावर धाडल्या. पहिल्याच हिवाळ्यात खेळणी आणि रोख मिळून सुमारे अडीच लाख डॉलर जमले. यादीची ही पद्धत साधी वाटते, पण तिच्यामुळे एक नेहमीची अडचण टळली: दात्यांना जे द्यावेसे वाटते ते आणि रुग्णालयाला जे लागते ते, यांतली तफावत. पूरग्रस्तांच्या छावणीत ढिगाने आलेले जुने कपडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण मिशिगन राज्यातल्या झॅक विगल यांचे. ते शाळेत असताना, २००७ मध्ये, त्यांनी ‘हेलो’ या गेमची स्पर्धा आयोजित केली होती. असले गेम तरुणांना बिघडवतात, अशी तक्रार एका स्थानिक अधिकाऱ्याने केल्यामुळे ती ऐन वेळी रद्द झाली. विगल यांनी चिडून जाण्याऐवजी पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा भरवली, ती निधी जमवण्यासाठी. त्यातून ‘गेमर्स आउटरीच’ ही संस्था उभी राहिली. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण तिने जे बनवले ते मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

‘एक्स्ट्रा लाइफ’ची सुरुवात मात्र आरोपातून नाही, एका मृत्यूतून झाली. टेक्सासमधली एक किशोरवयीन मुलगी रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होती आणि ‘सार्कास्टिक गेमर’ या इंटरनेटवरच्या गेमर मंडळींच्या गटाने ती उपचार घेत असलेल्या रुग्णालयात गेम पाठवले होते. २००८ च्या आरंभी ती गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या गटाचे जेरोमी ॲडम्स यांनी तिच्या आठवणीत चोवीस तास गेम खेळण्याचा उपक्रम ठरवला आणि ह्यूस्टनच्या मुलांच्या रुग्णालयासाठी लाखाहून अधिक डॉलर जमले. नाव अगदी नेमके आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला कॅसेटचा गेम जोडून मारिओ खेळलेल्या आपल्याकडच्या पिढीलाही ‘लाइफ संपली’, ‘एक लाइफ दे ना’ ही भाषा तोंडपाठ आहे.

२०१० मध्ये हा उपक्रम ‘चिल्ड्रन्स मिरॅकल नेटवर्क हॉस्पिटल्स’ या संस्थेशी जोडला गेला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यात स्थापन झालेली ही संस्था अमेरिका आणि कॅनडातील सुमारे १७० मुलांच्या रुग्णालयांसाठी निधी उभा करते, आणि तिची स्वतःची सुरुवात टीव्हीवरच्या अखंड कार्यक्रमाने झाली होती. या जोडणीने एक मोठा फरक पडला. आतापर्यंत सगळा पैसा ह्यूस्टनला जात होता. आता ओहायोतला खेळाडू आपल्या गावाजवळचे रुग्णालय निवडू शकत होता. परगावच्या रुग्णालयासाठी हात पसरणे आणि शेजारच्या घरातले मूल जिथे दाखल झाले होते त्या रुग्णालयासाठी हात पसरणे, यांत मागणाऱ्यालाही फरक वाटतो आणि देणाऱ्यालाही. ‘एक्स्ट्रा लाइफ’ने आजवर दहा कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आहे. मुख्य दिवस साधारणपणे नोव्हेंबरच्या आरंभी येतो, आणि काही वर्षी तो नेमका अमेरिकेत घड्याळे एक तास मागे घेण्याच्या रात्री येत असल्यामुळे चोवीस तासांचे पंचवीस होतात. मेम्फिसचे ‘सेंट ज्यूड’ रुग्णालयही याच धर्तीवर गेमर मंडळींसाठी स्वतःचा कार्यक्रम चालवते; १९६२ पासून चालणाऱ्या त्या रुग्णालयात मुलांच्या कुटुंबांना उपचाराचे बिल दिले जात नाही, त्यामुळे त्याचा डोलारा मुख्यतः देणग्यांवर उभा आहे.

पैशाची वाट

प्रत्यक्षात होते ते असे. खेळाडू ‘एक्स्ट्रा लाइफ’च्या संकेतस्थळावर नाव नोंदवतो, रुग्णालय निवडतो आणि त्याला स्वतःचे एक पान मिळते. त्यावर त्याचा फोटो, त्याने ठरवलेले लक्ष्य आणि जमलेली रक्कम दिसते. हे पानच त्याचे पावतीपुस्तक. तो त्याचा दुवा मित्रांना, नातेवाइकांना, कार्यालयातल्या सहकाऱ्यांना पाठवतो आणि ठरल्या दिवशी खेळायला बसतो. दाता त्या पानावर कार्डाने पैसे भरतो, त्याला करसवलतीची पावती ईमेलने येते, आणि त्याच क्षणी त्याचे नाव खेळाडूच्या पडद्यावर उमटते. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल: तिथल्या अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतःच्या खिशातून घालतात. पन्नास डॉलरचे शंभर होतात, फक्त एक अर्ज भरण्याचा आळस सोडावा लागतो.

या वाटेवर सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पैसा खेळाडूच्या हातात कुठेच येत नाही. गणपतीच्या वर्गणीत जमाखर्चाचा फलक मांडवात लावण्याची पद्धत ज्या कारणासाठी आहे, त्याच कारणासाठी हे आहे. जिथे ही खबरदारी नव्हती तिथे काय होते, याचे उदाहरण २०२३ मध्ये समोर आले: अमेरिकेतील एका नावाजलेल्या यूट्यूबरच्या कुटुंबाच्या संस्थेने स्मृतिभ्रंशावरील संशोधनासाठी गेमच्या कार्यक्रमांतून जमवलेले सहा लाखांहून अधिक डॉलर वर्षानुवर्षे कुणालाही न देता बँकेतच पडून राहिले होते.

आपल्याकडेही लोकप्रिय गेमर आणि यूट्यूबर मंडळींनी पूर आणि वादळग्रस्तांसाठी असे थेट कार्यक्रम केले आहेत, पण वाट वेगळी पडते. प्रेक्षक यूट्यूबच्या ‘सुपर चॅट’मधून पैसे पाठवतो तेव्हा ती देणगी नसते, ते त्या वाहिनीचे उत्पन्न असते, त्यातले तीस टक्के यूट्यूब ठेवून घेते आणि प्रेक्षकाला आयकर सवलतीची पावती मिळत नाही. ती हवी असेल तर पैसे त्या सवलतीसाठी नोंदलेल्या न्यासाच्या खात्यातच थेट जायला हवेत, आणि रोखीने दिले तर दोन हजार रुपयांवरच्या रकमेला सवलत मिळत नाही.

परदेशातून देणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. न्यू जर्सीतला एखादा मराठी माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर त्याने परळच्या वाडिया रुग्णालयासारख्या भारतीय संस्थेला दिलेला पैसा कायद्याच्या नजरेत विदेशी देणगी ठरतो. ती स्वीकारण्यासाठी संस्थेची केंद्र सरकारकडे स्वतंत्र नोंदणी किंवा परवानगी असावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या, पण भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या मित्राच्या बचतीला हा नियम लागू होत नाही. त्यामुळे एकाच कार्यक्रमात दोघांनी एकाच रुग्णालयासाठी हात पुढे केला, तरी दोघांच्या पैशाच्या वाटा वेगळ्या. इथल्या कुणा उत्साही मंडळाला असे जागरण करायचे असेल, तर संगणक आणि इंटरनेट यांच्याआधी रुग्णालयाच्या देणगी विभागाचे दार ठोठवावे, असा माझा सल्ला आहे.

जागरणाविषयीही दोन शब्द. चोवीस तास अखंड बसणे हा शूरपणा मानला जात असे, पण ‘एक्स्ट्रा लाइफ’मध्ये तसे बंधन नाही, तास वाटून घेता येतात, दोन-तीन दिवसांत पुरे करता येतात. पहारे लावण्याची सप्ताहाची रीत इथेही शहाणपणाची.

बिलात ज्याला रकाना नाही

आता तो पैसा पोहोचल्यावर काय होते ते पाहू. अमेरिकेतील मुलांची रुग्णालये बहुतांशी ना-नफा तत्त्वावर चालतात, आणि त्यांचा मोठा उत्पन्नस्रोत म्हणजे खासगी विमा आणि गरीब कुटुंबांसाठीची ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना. विमा पैसे देतो तो शस्त्रक्रियेचे, औषधांचे, तपासण्यांचे. पण रुग्णालयात असे कितीतरी असते ज्याला बिलात रकाना नाही. तिथे ‘चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट’ नावाचा एक प्रशिक्षित कर्मचारी असतो. सलाईनची सुई टोचण्याआधी तो बाहुलीच्या हाताला सुई लावून मुलाला दाखवतो, मुलालाच ती बाहुलीला टोचू देतो, आणि प्रत्यक्ष वेळ आली की त्याचे लक्ष दुसरीकडे वळवत शेजारी बसतो. मूल शांत राहिले तर सुई पहिल्या प्रयत्नात लागण्याची शक्यता वाढते, हे कुठल्याही परिचारिकेला विचारावे. तरी या कामाचे पैसे विमा कंपनीकडून सहसा मिळत नाहीत. त्यांची जागा देणग्या भरून काढतात.

खेळाचा उपयोग नुसता वेळ घालवण्यापुरता नाही, याचा ठोस पुरावा सिएटलमध्येच आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी आभासी वास्तवाचा एक खेळ वापरायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच ‘स्नोवर्ल्ड’ आला. भाजलेल्या जखमेचे ड्रेसिंग बदलताना ती घासून साफ करावी लागते, आणि तीव्र वेदनाशामके देऊनही ते दुखणे सहन होत नाही. डोळ्यांवर चष्मा चढवून रुग्ण बर्फाच्या दरीतून तरंगत जातो आणि पेंग्विनांवर, हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. लक्ष ही मर्यादित वस्तू आहे. ते जितके बर्फात गुंतते तितके जखमेसाठी कमी उरते, आणि खेळताना रुग्णांना वेदना लक्षणीय कमी जाणवल्या. औषध बंद होत नाही, औषधाच्या जोडीला खेळ येतो.

आता विगल यांच्या संस्थेकडे वळतो. रुग्णालयाला शंभर कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रे, देणगीत मिळाले म्हणून काम भागत नाही. कन्सोल ठेवायचा कुठे, टीव्हीला जोडायचा कोणी, वायरी सोडवायच्या कोणी? खेळघर असले तरी ज्या मुलाची प्रतिकारशक्ती उपचारांमुळे ढासळली आहे, त्याला खोलीबाहेर नेता येत नाही, आणि तेच मूल सर्वांत जास्त कंटाळलेले असते. ‘गेमर्स आउटरीच’ने यावर बनवलेली वस्तू अगदी साधी आहे: चाकांची एक उभी गाडी, वर पडदा, आत बंदिस्त कन्सोल, आधीच भरलेले गेम आणि एकच वायर. तिला त्यांनी ‘गो कार्ट’ असे नाव दिले. परिचारिका ती ढकलत खाटेशी आणते, भिंतीतल्या सॉकेटला जोडते आणि बटण दाबते. तांत्रिक ज्ञान लागत नाही, आणि परिचारिकेकडे त्यासाठी वेळही नसतो. गाडीचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, कारण एका मुलाचे खेळून झाले की पुढच्या खोलीत नेण्याआधी तो आणि कंट्रोलर जंतुनाशकाने पुसून काढावे लागतात. मग वायर गुंडाळायची आणि गाडी पुढच्या दाराकडे ढकलायची.